शेगडी घ्या, पण बाल्कनीसाठी नको

डिसेंबरात थोडी थंडी पडली की फ्लॅटमधल्या मंडळींना कोळशावर भाजलेल्या सुरमईची, पनीर टिक्क्याची हुक्की येते. मग घडीची, सहज उचलता येणारी शेगडी शोधली जाते आणि तिच्या जाहिरातीत 'बाल्कनीसाठी उत्तम' असं बिनधास्त लिहिलेलं असतं.

लाकडाला धूर येतो, कोळशाला येत नाही, म्हणून कोळसा निर्धोक, हा यातला सगळ्यात घातक समज. लाकडी कोळसा म्हणजे कमी हवेत तापवून पाणी आणि उडून जाणारी द्रव्यं काढून टाकलेलं लाकूड. मागे उरतो तो बहुतांशी कार्बन, म्हणून धूर कमी. पण लाल निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतच राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट धरून बसतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस म्हणतो, पित्त झालं असेल. उत्तर भारतात बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या थंडीत येतात, त्यामागे हाच वायू असतो. धूर निदान खोकायला लावून बाहेर तरी काढतो.

'पण बाल्कनी म्हणजे बाहेरच ना?' नकाशावर, हो. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी बाल्कन्या सरकत्या काचा लावून खोलीत जमा झाल्या आहेत. उघडी राहिलीच तर कबुतरांसाठी नायलॉनची जाळी असते, दोरीवर टॉवेल असतात, कोपऱ्यात एसीचं बाहेरचं युनिट. नायलॉन साधारण 220 ते 260 अंशांना वितळतं, निखारा सहज 600 च्या वर असतो. उंच मजल्यावरचा वारा ठिणगी आपल्याकडे ठेवत नाही, खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर नेऊन टाकतो. आणि वारा आत वळला की सगळा वायू दिवाणखान्यात.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत, ज्वलनशील बाल्कनीवर किंवा ज्वलनशील बांधकामापासून 10 फुटांच्या आत कोळशाची शेगडी पेटवायला मनाई आहे. एक-दोन कुटुंबांच्या घरांना आणि स्प्रिंकलर बसवलेल्या इमारतींना त्यातून सूट मिळते. आपल्याकडे जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश धंद्यासाठी होता. घरच्या शेगडीचा प्रश्न मात्र सोसायटीत सुटतो किंवा चिघळतो, तेव्हा आधी विचारलेलं बरं.

चवीबद्दलही गंमतच आहे. भरपूर धूर म्हणजे भरपूर चव नव्हे. नीट फुललेल्या कोळशाला स्वतःची चव फारशी नसते. मसाल्याचं तेल आणि मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकते, त्या वाफेचा वास पदार्थाला लागतो. बाकीचं काम आचेने भाजलेल्या पृष्ठभागाचं. लाकडाला स्वतःची चव असते खरी, पण छोट्या शेगडीत ओलसर ढलपी घातली तर पांढरा, कडवट धूरच मिळतो. जुनं फर्निचर, प्लायवूड, रंग दिलेली फळी तर अजिबात जाळू नये. आणि रॉकेल टाकून कोळसा पेटवला की सुरमईला रॉकेलचाच वास.

मग घरी काय करावं? इलेक्ट्रिक तंदूर, आणि शेवटी धुंगार. एक निखारा वाटीत, त्यावर तुपाची धार, पातेल्यावर दोन-चार मिनिटं झाकण, खिडकी उघडी. माझ्या मते बाल्कनीत शेगडी पेटवून जे साधतं, त्यातलं बरंचसं एवढ्यात मिळतं.

शेगडी घ्यायचीच असेल तर ती शेतावर, वाडीत, नदीकाठी नेण्यासाठी घ्या. उचलता येते, तर उचलून बाहेर न्यावी. कागदासारख्या पातळ पत्र्याची नको, दोन-चार वेळा तापली की ती वाकडी होते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा घमेलं शेगडी म्हणून वापरू नये, कारण कडक आचेत जस्ताची वाफ होते. चौघांसाठी साधारण 35 सेंटिमीटर व्यासाची पुरते. झाकण असावंच, आणि वर-खाली हवेची बंद होणारी भोकं. पाय उंच हवेत, नाहीतर खालची फरशी तडकते किंवा गवत करपतं.

ती भोकं आच कमी-जास्त करायला लागतात, आणि विझवायलाही. काळा दिसला म्हणजे कोळसा विझला, असं धरून चालू नये. राखेखाली तो दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगत राहू शकतो. शेगडीतच पाणी ओतलं तर वाफेबरोबर गरम राख तोंडावर उडते आणि बिडाची शेगडी तडकू शकते. झाकण लावून हवा तोडावी. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून, पूर्ण गार झाल्यावर भिजवून मगच टाकावी. संध्याकाळी परतताना कोमट शेगडी गाडीच्या डिकीत टाकून काचा बंद केल्या, तर जो वायू बाल्कनीत नको म्हणून एवढ्या लांब आलो तोच गाडीत सोबतीला असतो.