सव्वाअकराचा नाताळबाबा

आमच्या वसईत ‘ग्रोटो’ म्हणजे चर्चच्या आवारातली दगडी गुहा. आत निळ्या पट्ट्याची लूर्दमाता, पुढे मेण ओघळून काळा पडलेला कठडा. त्यामुळे लेक फोनवर म्हणाली, “आई, तू आलीस की पहिल्याच शनिवारी मुलांना घेऊन ग्रोटोला जायचंय, तिकिटं काढून ठेवलीत,” तेव्हा मी पर्समध्ये जपमाळ टाकली. ग्रोटोला तिकीट कशाला, एवढंच मनात आलं.

लिव्हरपूलला पोचल्यावर उलगडा झाला. इंग्लंडात ग्रोटो म्हणजे नाताळबाबाची गुहा, आणि ती असते मॉलमध्ये. आमची होती चपलांचं दुकान आणि मोबाइलच्या कव्हरांचा ठेला यांच्या मधोमध.

तिकिटं ऑक्टोबरातच निघाली होती. मुलामागे 12 पौंड, मोठ्या माणसाला 3, वेळ सव्वाअकरा. उशीर झाला तर तुमची पाळी गेली. तिकिटांबरोबर जावयाने एक अर्जही भरून दिला होता: मुलांची नावं, वयं, इयत्ता, घरात पाळलेला प्राणी, वर्षभरातली एखादी खास गोष्ट. या अर्जाबद्दल मुलांसमोर चकार शब्द काढायचा नाही, असं लेकीने मला दोनदा बजावलं. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत मी नाना तऱ्हेचे तक्ते भरले, पण नाताळबाबाला सगळं ठाऊक असतं ते असं, हे मला नवीन होतं.

शनिवारी सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलो. मर्सी नदीवरून येणारा वारा कानात सुया टोचत होता. समोरच्या भव्य इमारतीच्या दारावर जहाजाच्या नाळेवर उभा असलेला एक पुरुषाचा पुतळा, अंगावर सूतही नाही. नऊ वर्षांच्या नातवाने ऐटीत ओळख करून दिली, “आजी, हा डिकी लुईस.” मी चष्मा पुसायला काढला.

ही इमारत लुईस नावाच्या दुकानाची. डेव्हिड लुईसने 1856 मध्ये याच रस्त्यावर पुरुषांच्या आणि मुलांच्या तयार कपड्यांचं दुकान काढलं. पुढे त्याचं मोठं भांडार झालं, मे 1941च्या बॉम्बफेकीत ते जळलं, पुन्हा उभं राहिलं आणि 1956 मध्ये जेकब एपस्टाइनने घडवलेला हा उघडा गडी दारावर चढला. राखेतून उठलेल्या शहराचं ते प्रतीक, पण लोकांनी त्याला घरगुती नाव देऊन टाकलं. 2010 मध्ये दुकान कायमचं बंद झालं. डिकी तिथेच आहे.

आमच्या तिकिटांचं मूळही या लुईसकडेच जातं. 1879 साली त्यांच्या ‘बॉन मार्शे’ या दुसऱ्या दुकानात नाताळासाठी एक परीनगरी उभारली होती. दुकानात मांडलेला जगातला पहिला नाताळी ग्रोटो तो हाच, असं मानतात. कल्पना साधी आणि भलतीच हुशार. मोठी माणसं यादी घेऊन येतात आणि यादीपुरतं घेऊन जातात. मूल यादी घेऊन येत नाही. ते आईचा हात ओढत आत नेतं, आणि आत जायची वाट मालाच्या मांडणीतून जाते. अमेरिकेत ब्रॉकटन गावच्या जेम्स एडगर या दुकानदाराने 1890 मध्ये स्वतःच लाल डगला चढवून दुकानात फेऱ्या मारायला सुरुवात केली, तर लांबच्या गावांहून लोक रेल्वेने मुलं घेऊन येऊ लागले. आमच्याकडे जत्रा आधी असते, दुकानं मागून येतात. इथे दुकान आधी होतं, जत्रा त्यानेच भरवली.

वेळ ठरलेली असूनही रांग होतीच. कापसाच्या बर्फातून वळणंवळणं घेत जाणारी वाट, मान हलवणारी अस्वलं, आणि प्रत्येक वळणावर टोकदार टोपीतली एक मुलगी, म्हणजे नाताळबाबाची ‘एल्फ’. माझी नजर गव्हाणी शोधत होती. वाळलं गवत, मातीची मेंढरं, कोपऱ्यात योसेफ, काही नव्हतं. नाताळ हा शब्द आम्हाला पोर्तुगिजांनी दिला आणि त्याचा अर्थच जन्म. इथे जन्माचा मागमूस नव्हता. लाल नाकाचं एक रेनडियर मात्र होतं. त्याच्या मानेतलं यंत्र दर वेळी कुरकुरायचं.

“हा खरा असतो का?” नातवाने हळूच विचारलं. त्याचा स्वर उत्तर माहीत असलेल्या मुलाचा होता.

त्याला तेव्हा सांगितलं नाही, ते इथे सांगते. लाल नाकाचा रुडॉल्फ कुठल्या लोककथेतला नाही. तो 1939 मध्ये शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानात जन्मला. गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला एक पुस्तिका हवी होती. ते काम जाहिरात विभागातल्या रॉबर्ट मे याच्याकडे आलं. त्याची बायको कर्करोगाने आजारी होती, त्याच वर्षी ती वारली. पदरात लहान मुलगी. लिहिलेला मजकूर तो तिला वाचून दाखवायचा. पहिल्याच वर्षी त्या पुस्तिकेच्या 24 लाख प्रती वाटल्या गेल्या. पुढे दुकानाने हक्क त्याच्या नावावर करून दिले. रुडॉल्फ जाहिरातीतला, ही टीका मी कितीदा ऐकली आहे. ती मुलगी कळल्यापासून माझी जीभ त्यावर जरा अडते.

आमचा नंबर आला. लाकडी झोपडीत लाल कोचावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. दाढी खरी असावी. निदान हनुवटीखाली इलॅस्टिक दिसलं नाही. मूल मांडीवर घेण्याची रीत आता बहुतेक ठिकाणी गेली आहे. मुलांनी शेजारी बसायचं. नाताळबाबाचे पांढऱ्या मोज्यांतले हात स्वतःच्या गुडघ्यांवर, सर्वांना दिसतील असे. हे काम मिळण्याआधी गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते, असं जावयाने सांगितलं. शिक्षिका म्हणून मला हे पटलं.

त्यांच्या हातात जाडजूड जुनाट वही होती. तिच्यात एल्फने सरकवलेला कागद मला दिसला; मी नातवाकडे पाहिलं, तर त्यालाही दिसला होता.

“तू पाच वर्षांची, लव्ह. पहिलीत आहेस,” ते म्हणाले. या शहरात बसवालाही अनोळखी बाईला ‘लव्ह’ म्हणतो. नात मोहरून गेली. “आणि तुझा सोनेरी मासा काय म्हणतोय?”

मासा दोन आठवड्यांपूर्वी मेला होता. अर्ज ऑक्टोबरातला. लेकीने जावयाकडे असं पाहिलं की मी असते तर तिथल्या तिथे राजीनामा दिला असता.

“तो मेला,” नात म्हणाली.

पाचएक सेकंद कोणी बोललं नाही. बाहेर अस्वलाची मान करकरत होती. नाताळबाबाने वही मिटून बाजूला ठेवली.

“त्याचं नाव काय होतं?”

“बटाटा.” मराठी नाव. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, ‘ट’ काही जमला नाही.

“कुठे पुरलात त्याला?”

“मागच्या दारी. रोझमेरीखाली.”

“बरं झालं सांगितलंस. मी रात्री काळोखात येतो, बूट हे एवढाले. आता तिथे पाय नाही द्यायचा.”

एल्फ दारात घुटमळली. आमची चार मिनिटं संपली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नातीने बटाटा कसा गोल गोल फिरायचा ते हाताने दाखवलं, अगदी सावकाश, आणि त्यांनी ते पूर्ण पाहिलं. नातवाला त्यांनी काही विचारलं नाही, नुसता हात मिळवला.

बाहेरची वाट अर्थातच दुकानातून निघत होती. फोटो 10 पौंडांना. चौथ्या शतकातला मायराचा बिशप, संत निकोलस, गुपचूप दान करायचा म्हणून आम्ही धर्मशिक्षणात शिकलो. त्याची पावती फाडल्याचं कुठे ऐकलं नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. जावयाने काही न बोलता कार्ड पुढे केलं. फोटोत नातीचं तोंड अर्धवट उघडं आहे आणि नाताळबाबा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत.

24च्या रात्री आम्ही मिस्साला कॅथेड्रलमध्ये गेलो. इथल्या आयरिश कॅथलिकांचं हे गोल चर्च 1967चं, वरून तंबूसारखं. गव्हाणी तिथे होती, मी वाकून पाहून घेतली. घरी यायला दीड वाजला. नात गाडीतच झोपली होती. तिला वर नेऊन मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, तर मागचं दार उघडं आणि बाहेर मोबाइलचा उजेड. सगळं ठाऊक असलेला आमचा थोरला, थंडीत नाक ओढत, रोझमेरीभोवती खडे मांडत होता.