लग्नाचं शूटिंग ठेवायचं कशावर?

लग्नसराई आली की नांदेड-लातूरच्या फोटो स्टुडिओंत ड्राइव्हवरची जागा पुरेनाशी होते. सेकंदाला १०० मेगाबिटनं फोर-के शूटिंग केलं, तर तासाला ४५ जीबी. हळद ते पाठवणी दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले, की ५४० जीबी झालेच.

एडिटिंगला एसएसडीच हवी. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे क्लिप झटकन उघडते आणि दुचाकीवरचे धक्केही ती सोसते. हार्ड डिस्कमध्ये मात्र मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी, आणि तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटरवरून तरंगणारं हेड. चालू असताना हातातून पडली की संपलंच.

मग सगळंच एसएसडीवर का नको? एक तर तेवढ्याच टीबीला ती कितीतरी महाग. दुसरं, आपलं ऊन. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात कोंडलेली असते. वीज न देता ठेवली, की तो भार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत जास्तच झिरपतो. चिप-मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेचा निकष असा, की लिहून-लिहून झिजलेल्या घरगुती एसएसडीनंही बंद अवस्थेत ३० अंशांना वर्षभर माहिती टिकवावी. नांदेडचा मे चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या कपाटाचं तर विचारूच नका. नवी एसएसडी लगेच दगा देणार नाही, झिजलेली मात्र तिथं टाकून ठेवू नये.

जुन्या अल्बमांसाठी मी हार्ड डिस्कच सुचवेन, आणि दोन. एक नांदेडला, दुसरी लातूरच्या मावशीकडं. वर्षातून दोनदा दोन्ही लावून चार क्लिपा चालवून बघायच्या.