मासे-भाजीचें पिंप आणि त्याचें पूर्वचरित्र

ताक पितळी भांड्यांत ठेवूं नये, चिंचेचें सार कल्हई उडालेल्या पातेल्यांत करूं नये, लोणचें चिनी मातीच्या बरणींतच भरावें, हें ज्ञान आपल्याकडील गृहिणींना रसायनशास्त्राच्या पुस्तकावांचून अवगत होतें. पदार्थ आणि पात्र यांचें पटतें कीं नाहीं, हें पाहण्याची ती दृष्टि होती. प्लॅस्टिक मात्र घरांत इतक्या स्वस्ताईनें व वेगानें शिरलें, कीं त्याच्याविषयीं अशी दृष्टि तयार होण्यास अवसरच मिळाला नाहीं. गच्चीवर किंवा सज्जांत मासे व पालेभाजी एकाच पाण्यावर वाढविण्याचा, म्हणजे ॲक्वापोनिक्सचा छंद ज्यांस लागला आहे, त्यांना ही उणीव विशेष जाणवते.

या पद्धतींत एका पात्रांत मासे असतात. मुख्यतः त्यांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यांत उतरतो. लहानसा पंप तें पाणी खडी भरलेल्या वाफ्यांत नेतो. तेथें खडीवर वस्ती करून राहिलेले सूक्ष्म जंतु अमोनियाचें प्रथम नायट्राइटांत आणि पुढें नायट्रेटांत रूपांतर करितात. नायट्रेट हें वनस्पतींचें अन्न. तें मुळांनीं शोषून घेतलें, कीं पाणी पुन्हा माशांकडे येतें. कांचेच्या साध्या मत्स्यालयांतील पाणी वरचेवर बदलावें लागतें. येथें जेवढें उडून जाईल व झाडें पितील, तेवढीच भर घालावयाची. हा या पद्धतीचा मोठा गुण, आणि पात्राच्या दृष्टीनें हाच तिचा धोका. पाणी उडतें, पण त्यांत विरघळलेले पुष्कळसे पदार्थ मागें राहतात. पात्राच्या भिंतींतून रोज लेशमात्र कांहीं सुटत असलें, तरी तें वाहून न जातां सांठत जातें. त्याचा पहिला तडाखा मासे व जंतु यांस बसतो. जंतूंची वसाहत जमण्यास महिना-दीड महिना लागतो. ती मेली, कीं सर्व मांडणी पुन्हा पहिल्यापासून करावयाची. शिवाय वाफ्यांतील पालक अखेर मुलांच्याच ताटांत जावयाचा असतो.

प्लॅस्टिक हें एका पदार्थाचें नांव नसून मोठ्या कुळाचें आडनांव आहे. पात्राच्या बुडाशीं त्रिकोणांत जो आंकडा असतो, तो त्यांतील पोटजात सांगतो. ही अंकपद्धति अमेरिकेंतील प्लॅस्टिक-उद्योगाच्या संघानें १९८८ सालीं काढली. २ म्हणजे उच्च घनतेचें पॉलिएथिलीन आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मासे-भाजीच्या कामीं हीं दोन सर्वांत भरंवशाचीं. ३ हा पी.व्ही.सी.चा आंकडा. हें मूळचें ताठर. त्यास मऊ करण्यासाठीं जीं थॅलेट नांवाचीं द्रव्यें मिसळतात, तीं त्याच्याशीं घट्ट बांधलेलीं नसल्यामुळें हळूहळू बाहेर पाझरतात. म्हणून मऊ पारदर्शक नळीऐवजीं सिलिकोनची नळी घ्यावी, आणि कडक नळ घ्यावयाचे ते पिण्याच्या पाण्यासाठीं केलेले व शिसें नसलेले घ्यावे. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्याचाच. तो उन्हांत ठिसूळ होतो व त्याचे कण मासे गिळतात. ७ ही तर ‘इतर’ सर्वांची धर्मशाळा आहे. तींत पॉलिकार्बोनेटहि येतें व त्यापासून बिस्फेनॉल-ए सुटूं शकतें. युरोपीय संघानें २०११ सालीं तान्ह्या मुलांच्या बाटल्यांत त्याचा वापर बंद केला, हें येथें ध्यानांत घ्यावें.

परंतु हा आंकडा निर्दोषतेचा दाखला नव्हे. मोडींतल्या प्लॅस्टिकची निवड सुलभ व्हावी, एवढ्याचसाठीं तो योजिला आहे. अन्नास योग्य असल्याची खूण म्हणजे पेला व काटा यांचें चित्र. पाण्याच्या नव्या टाकीवर भारतीय मानक १२७०१ चा उल्लेख पाहावा. बाजारांतील स्वस्त काळीं घमेलीं मिश्र भंगार वितळवून केलेलीं असण्याचा संभव असतो, आणि काळ्या रंगाखालीं काय काय लपलें आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. अशा काळ्या प्लॅस्टिकांत जुन्या विजेच्या उपकरणांतील अग्निरोधक रसायनें आढळलेलीं आहेत.

खरी परीक्षा असते ती भंगारवाल्याकडील दोनशें लिटरच्या निळ्या पिंपाची. हें पिंप बहुधा २ क्रमांकाच्याच प्लॅस्टिकचें, जाड व मजबूत असतें. कुळांत खोट नाहीं. प्रश्न असतो पूर्वचरित्राचा. त्यांतून लोणचें, फळांचा रस किंवा ग्लुकोजचा पाक आला असेल, तर धुऊन तें निःशंकपणें वापरावें. खाद्यतेलाचें असेल, तर तवंगाचा मागमूस जाईपर्यंत गरम पाणी व धुण्याचा सोडा यांनीं पुनःपुन्हा घासावें. पण कीटकनाशक, रंग वा द्रावक भरलेलें पिंप कितीहि धुतलें तरी घेऊं नये. पॉलिएथिलीन कांचेसारखें अभेद्य नाहीं. कित्येक सेंद्रिय द्रावक त्याच्या अंगांत मुरतात आणि पुढें महिनोन्‌महिने पाण्यांत उतरत राहतात. घासणी पोंचते ती केवळ पृष्ठभागापर्यंत. पिंपावर यू.एन. अशीं अक्षरें उठविलेलीं असलीं, तर तें धोक्याचा माल वाहण्याच्या कसोटीस उतरलें एवढाच त्यांचा अर्थ. तसा माल त्यांत होताच असें नव्हे. खरें बोलतो तो कागदी पट्टा. कवटीचें किंवा लाल किनारीच्या चौकोनाचें चित्र असेल, तर पिंप तेथेंच ठेवावें. पट्टा खरवडून काढलेला असेल आणि विक्रेता ‘साबणाचें होतें’ म्हणून हंसत असेल, तरीहि तेंच करावें. साबण ही कांहीं शिफारस नव्हे. त्याचा अंश माशांच्या कल्ल्यांस बाधतो.

घेतलेलें पिंप झांकण लावून दिवसभर उन्हांत ठेवावें व सायंकाळीं उघडून वास घ्यावा. लोणच्याचा वास आला तर हरकत नाहीं. रॉकेलासारखा किंवा औषधी वास आला, तर व्यवहार मोडावा. नंतर पाणी भरून दोन दिवसांनीं त्यांतील थोडें बाटलींत हलवून पाहावें. टिकणारा फेंस आल्यास पुन्हा धुवावें. या कसोट्या ढोबळ आहेत. पूर्वचरित्र अज्ञात असलेल्या पिंपास त्या पावन करीत नाहींत. दोन-तीन गप्पी मासे सोडून पाहण्याची रीत कित्येक सांगतात, पण मासे जगले म्हणून भाजी निर्दोष ठरत नाहीं, आणि मेले तर हकनाक मेले.

भरलेल्या पिंपाचें पाणीच दोनशें किलो भरतें, हें सज्जाच्या मालकानें विसरूं नये. निळ्या प्लॅस्टिकांतून थोडा उजेड आंत जातो व शेवाळ माजतें. बाहेरून, आंतून मुळींच नव्हे, गडद रंग देऊन त्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरविल्यास उजेड अडतो आणि पाणीहि फार तापत नाहीं. कांहीं वर्षांनीं उन्हानें पृष्ठभाग भुरा पडून बोटास पांढरी भुकटी लागूं लागली, कीं त्या पिंपांतील पाणी व मासे काढून घ्यावे आणि कोरडा पालापाचोळा सांठविण्याकडे त्याची बदली करावी.