विश्लेषण : आरोपी ‘मनोविकल’ आहे का, हे कोर्टात कसे ठरते?

समजा, नाशिकच्या जिल्हा न्यायालयात खुनाचा खटला सुरू आहे. आरोपीला आपल्यावर कोणता आरोप आहे हेच सांगता येत नाही, समोरचा वकील आपला की सरकारी हेही कळत नाही. खटला पुढे चालवायचा की थांबवायचा? याचे उत्तर बरेचसे डॉक्टरांच्या अहवालावर अवलंबून असते. अहवाल वरवरचा असेल तर आजारी माणसाला शिक्षा होऊ शकते किंवा सोंग घेणारा सुटू शकतो.

प्रश्न एक नव्हे, तीन

पहिला : गुन्हा करताना आपण काय करतो आहोत, हे चूक आहे, हे समजण्याची क्षमता होती का? आधी भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२ याबाबत आहे. दुसरा : आज खटल्यात स्वतःचा बचाव करता येतो का? तिसरा : शिक्षेच्या वेळी मनःस्थिती कशी आहे? तिन्हींचा काळ वेगळा, म्हणून उत्तरेही वेगळी असू शकतात. आज बरा दिसणारा माणूस गुन्ह्याच्या दिवशी गंभीर आजारी असू शकतो.

तपासणी कोण करते?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ नुसार दंडाधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणी करून घेतात. आरोपी मनोविकल आढळल्यास त्याला सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले जाते. त्यांचे मत पटले नाही तर वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. नाशिकमध्ये त्यांपैकी एकही नाही.

निकाल काय सांगतात?

२५ जानेवारी २०१२ रोजी पुण्यात स्वारगेटहून एसटी पळवून नऊ जणांचा बळी घेणाऱ्या संतोष मानेचा मनोविकाराचा बचाव टिकला नाही. फाशी मात्र २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. केवळ आजाराचे निदान पुरत नाही. त्या क्षणी समज हरपली होती, हे दाखवावे लागते.

याउलट, १९९४ मध्ये पत्नीचा खून केलेल्या राज्यातील एका पोलीस शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्दोष ठरवले. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया होता. घटनेआधीचे आणि नंतरचे उपचार, वडिलांचा आजार, पळून न जाणे, हे सारे एकत्र पाहिले गेले. एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

चांगला अहवाल कसा असतो?

‘तपासले, प्रकृती ठीक’ एवढी ओळ पुरेशी नाही. शक्य तिथे काही दिवसांचे निरीक्षण हवे. जुनी औषधचिठ्ठी, नातेवाइकांची माहिती, कारागृहातील नोंदी पाहायला हव्यात. सोंगाची शक्यता तपासायला हवी. आणि तीनपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, कशाच्या आधारे, हे लिहायला हवे. आरोपीचा पूर्वीचा आजार पुढे आला असेल तर त्याची तातडीने वैद्यकीय तपासणी करून घेणे हे तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. ती झाली नाही तर सरकार पक्षाचीच बाजू लंगडी पडते.

खटला थांबला म्हणजे सुटका का?

नाही. आरोपीला अटींवर जामीन मिळतो किंवा उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी ठेवले जाते. बरा झाल्यावर खटला पुन्हा सुरू होतो.

नातेवाइकांनी काय करावे?

उपचारांची जुनी कागदपत्रे जपून ठेवावीत आणि पहिल्या रिमांडच्या वेळीच वकिलाला द्यावीत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.