तीन महिन्यांची नक्कल आठ तासांत!

‘नक्कल’ हा शब्द आपल्या सीमाभागात दोन्हीकडचा. मराठीत नक्कल, कन्नडमध्ये नकलु. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल काढताना एक आकडा चुकला, तर पुढच्या पिढीला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आपल्या शरीरातील पेशीही विभागण्यापूर्वी अशीच एक नक्कल काढते, ती डीएनएची. तिथली चूक कधी कधी कर्करोगापर्यंत नेते.

वर्गात मी विद्यार्थ्यांना आधी एक गणित घालतो. मानवाच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी अक्षरजोड्या असतात. नक्कल करणारी यंत्रणा मिनिटाला साधारण २ हजार जोड्या पुढे सरकते. एका टोकापासून सुरुवात केली, तर किती वेळ लागेल? उत्तर येते जवळजवळ तीन महिने. प्रत्यक्षात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी सगळ्या ४६ गुणसूत्रांचे काम सुमारे आठ तासांत उरकतात. मग हे साधते कसे?

याचा उलगडा १९६०च्या दशकात झाला. जॉन केर्न्स यांनी १९६६ मध्ये ‘हेला’ नावाच्या मानवी पेशींना किरणोत्सारी थायमिडीन खाऊ घातले. थायमिडीन हे डीएनएच्या अक्षरांपैकी एकाचे कच्चे द्रव्य. नवीन धागा जिथे जिथे तयार झाला, तिथे तिथे फोटोच्या फिल्मवर काळे ठिपके उमटले. नक्कल एकाच जागी नव्हे, अनेक ठिकाणी चालते, हे दिसले. ह्युबरमन आणि रिग्ज यांनी १९६८ मध्ये हॅम्स्टर या प्राण्याच्या पेशींत दाखवले, की प्रत्येक आरंभस्थानापासून काम दोन्ही दिशांना सरकते. मानवी पेशीत अशी हजारो आरंभस्थाने असतात. लग्नघरी पंगतीत एकच वाढपी असेल तर रात्र होईल. इथे हजारो वाढपी एकाच वेळी कामाला लागतात.

या ज्ञानाचा आपल्या घराशी संबंध आहे. रक्ताच्या कर्करोगावरील सायटॅराबिन हे औषध खोटे अक्षर बनून नव्या धाग्यात शिरते आणि नक्कल अडवते. पण केसांची मुळे आणि अस्थिमज्जा यांतील पेशीही भराभर नकला काढत असतात. म्हणून अशा उपचारांत केस गळतात, रक्त कमी होते. रुग्णाला ‘औषध बाधले’ म्हणून घाबरवण्याआधी एवढे लक्षात ठेवावे.

आता त्या हेला पेशींविषयी. त्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीच्या. १९५१ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता संशोधनासाठी ठेवला गेला. त्याच वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी, पाच मुलांना मागे ठेवून ती गेली. तिच्या पेशी आजही जगभर वाढताहेत. त्यांवर व्यापार करणाऱ्या एका कंपनीशी तिच्या वारसांची तडजोड झाली ती थेट २०२३ मध्ये.

आज आपल्या देशातही संशोधनासाठी रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी, असा आयसीएमआरचा दंडक आहे. आपल्याकडे आजी मराठी बोलते, सून कन्नड आणि कागद येतो इंग्रजीत! तेव्हा सही करण्यापूर्वी तो कागद आजीच्या भाषेत समजावून मागा. तो तिचा हक्क आहे.