उंचीचा हिशेब : कुस्को, माचू पिक्चू आणि आपली सुट्टी

आजचा विषय आहे पेरू. फळ नव्हे, देश. फळाचे नाव कुठून आले तो वाद भाषेचे अभ्यासक घालतील. आपल्याला आज जायचे आहे ते दक्षिण अमेरिकेतल्या, स्पॅनिश आणि केचुआ बोलणाऱ्या पेरूमध्ये. त्यातही कुस्को शहर, त्याच्या खालची उरुबांबा नदीची 'पवित्र दरी' आणि माचू पिक्चू एवढ्याच भागात.

काय काय बघायचे याची यादी सांगायला आम्ही आलेलो नाही. ती कुठेही मिळते. आम्हाला एकच गोष्ट समजावून सांगायची आहे. या प्रदेशात जे जे दिसते, म्हणजे भिंती, शेती, मीठ, बटाटे, रेल्वे, अगदी आपले दुखणारे डोकेसुद्धा, त्या सगळ्यामागे एकच कारण आहे : उंची. ती समजली की प्रवास सोपाही होतो आणि त्याला अर्थही येतो. समजली नाही तर काय होते, ते आमच्या अनुभवावरून सांगतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा अकरा जण होतो. कार्यक्रम आम्हीच आखलेला. सकाळी लिमाहून विमानाने कुस्को, दुपारी लगेच शहराच्या वरचा साक्सायवामानचा कोट. आमच्यात साठीतले एक काका होते. सह्याद्रीतले सगळे किल्ले पायाखालचे, आमच्यापेक्षा दम जास्त. कोटाच्या पायऱ्या तेच सर्वांत पुढे चढले. रात्री त्यांचे डोके दुखायला लागले, उलट्या झाल्या. आम्ही म्हटले, प्रवासाचा शीण असेल, झोपा. सकाळी न्याहारीला येताना त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले. डॉक्टरांनी बघताक्षणी ऑक्सिजन लावला आणि सांगितले, यांना आजच्या आज खाली न्या. दरीत उतरवल्यावर, दोन दिवसांनी ते बरे झाले. पण माचू पिक्चूची आमची तिकिटे ठरलेल्या तारखेची होती. काका-काकू खालीच राहिले. आम्ही नऊ जण गेलो. फोटो आहेत, पण ते बघताना आजही चुटपुट लागते. दोष काकांचा नव्हता, आमचा होता.

आता हिशेब बघा. लिमा समुद्रकाठी आहे. कुस्को साधारण ३४०० मीटरवर. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे कुस्को त्याच्या दुपटीहून उंच, लेहपेक्षा किंचित खाली. विमान सव्वा-दीड तासात तुम्हाला तिथे नेऊन ठेवते. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही एकवीस टक्केच असते, पण हवेचा दाबच कमी. त्यामुळे एका श्वासात मुंबईच्या मानाने साधारण दोन-तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेते. श्वास वाढतो, पुढे रक्तात बदल होतात. पण त्याला दिवस लागतात, तास नव्हे. आणि इथे दमसास कामाला येत नाही. उलट दमदार माणूस पहिल्या दिवशी जास्त धावतो आणि जास्त त्रास ओढवून घेतो. या त्रासाला तिथे 'सोरोचे' म्हणतात.

मग उपाय काय? तो नकाशातच आहे. बहुतेकांना वाटते की माचू पिक्चू म्हणजे सर्वांत उंच ठिकाण. तसे नाही. माचू पिक्चू साधारण २४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोच्या जवळजवळ हजार मीटर खाली! मधली पवित्र दरी २८०० ते ३००० मीटरच्या आसपास. तेव्हा कुस्कोला उतरल्यावर शहरात मुक्काम न करता थेट दरीत उतरायचे, उरुबांबा किंवा ओयांताईतांबोला दोन रात्री राहायचे, तिथून माचू पिक्चू करायचे आणि कुस्को शेवटी ठेवायचे. ठिकाणे तीच, दिवस तेवढेच, फक्त क्रम उलटा. दुसऱ्या खेपेला आम्ही असेच केले आणि कोणालाही औषधाची गोळी लागली नाही. हृदयविकार, रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. आणि तोल जाणे, भ्रम होणे, बसल्याजागी धाप लागणे यांपैकी काही दिसले, तर 'सकाळी बघू' म्हणायचे नाही. ताबडतोब खाली उतरायचे.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथे तो कायदेशीर आहे आणि हजारो वर्षांची रीत आहे. जरूर प्या. पण पाने आठवण म्हणून पिशवीत घालू नका; आपल्याकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येतात.

ही झाली शरीराची गोष्ट. आता हीच उंची तिथल्या माणसांनी कशी वापरली ते बघू.

डोंगर असा उभा असला की थोडे वर गेले तरी हवामान बदलते. खाली मका, मध्ये क्विनोआ, वर बटाटा, त्याहून वर फक्त लामा-अल्पाकांची कुरणे. अँडीजमधल्या कुटुंबांनी आणि गावांनी वेगवेगळ्या उंचीवर जमिनी राखल्या, म्हणजे एका उंचीवर पीक गेले तरी दुसरे हाताशी राहते. उतारावर त्यांनी दगडी बांधांची पायऱ्या-पायऱ्यांची शेती केली. पिसाकला ती डोंगरभर पसरलेली दिसते. मोराय इथे तर गोल गोल पायऱ्या जमिनीत खोल उतरत जातात; वरच्या आणि खालच्या पायरीच्या तापमानात फरक पडतो. इथे वेगवेगळी पिके करून बघत असावेत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. जवळच मारासची मिठागरे आहेत. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात! खाऱ्या पाण्याचा एक झरा तीन हजारांहून अधिक लहान लहान वाफ्यांत फिरवलेला आहे. वाफे स्थानिक कुटुंबांच्या मालकीचे, उन्हाने पाणी आटले की मीठ खरवडायचे.

आणि बटाटा. तो मुळात इथला, टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच प्रदेशातला. वर रात्री कडाक्याचे हिव पडते आणि दिवसा कडक ऊन. त्याचा फायदा घेऊन बटाटे रात्री गोठवतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात, उन्हात वाळवतात. या वाळवणाला 'चुन्यो' म्हणतात आणि ते वर्षानुवर्षे टिकते. आपल्या गच्चीवर बटाट्याचा कीस वाळत घालणाऱ्या आजीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

इथे आपला एक खरा धागा जुळतो. उपवासाची साबुदाण्याची खिचडी डोळ्यांसमोर आणा. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, त्यात बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची. या चारही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडांतल्या. पोर्तुगीजांच्या काळानंतर समुद्रमार्गे आपल्याकडे आल्या, आणि आपण त्या थेट उपवासाच्या ताटात नेऊन बसवल्या. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज वाटेने आलेला. तेव्हा कुस्कोच्या बाजारात जांभळ्या, लाल, काळपट बटाट्यांचे ढीग दिसले की परक्या देशात आल्यासारखे वाटत नाही.

आता भिंती. कुस्कोच्या गल्ल्यांत इंकांच्या काळातले दगड चुन्याशिवाय, एकमेकांत घट्ट बसवलेले दिसतात. आपल्या हेमाडपंती देवळांतही चुना नसतो, पण इथे प्रत्येक दगडाचा आकार निराळा. भिंती किंचित आत कललेल्या, दारे-खिडक्या वर निमुळत्या. हे सगळे भूकंपाच्या प्रदेशात उपयोगी पडते. इंकांचे सूर्यमंदिर होते कोरिकांचा. स्पॅनिशांनी त्याच्यावर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाचे मोठे नुकसान झाले, आणि आतल्या इंका भिंती उघड्या पडल्या, त्याही शाबूत! आज तिथे दोन्ही काळ एकमेकांवर उभे दिसतात. शहराच्या मुख्य चर्चमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराचे 'शेवटचे भोजन' आहे. येशूच्या पुढ्यातल्या ताटात तिथल्या मातीतला पदार्थ आहे, भाजलेला गिनीपिग. जिंकलेल्यांनी जे लादले त्यात जित लोकांनी आपले काय काय मिसळले, ते या एका चित्रात कळते.

माचू पिक्चू पंधराव्या शतकातले, बहुधा पाचाकुती या इंका राजाच्या वेळचे. जगाला ते १९११ साली हायरम बिंगम यांनी 'शोधून दिले', असे पुस्तकात असते. पण बिंगम पोहोचले तेव्हा तिथल्या पायऱ्यांवर शेतकरी कुटुंबे शेती करत होती, आणि एका भिंतीवर कुस्कोकडच्या आगुस्तिन लिसारागा यांनी १९०२ सालीच कोळशाने आपले नाव लिहून ठेवले होते. बिंगम यांनी येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू २०११ पासून परत आल्या. कुस्कोतल्या कासा कोंचा संग्रहालयात त्या बघता येतात. माचू पिक्चूला जाणार असाल तर आधी हे संग्रहालय बघा, असे आम्ही एरवी सांगितले असते. पण उंचीचा हिशेब लक्षात ठेवून नंतर बघा!

तिथे वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या जवळजवळ तिप्पट. तरी कड्यावरचे ते नगर घसरून खाली गेले नाही. कारण पायऱ्यांच्या पोटात आहे : खाली मोठे दगड, वर खडी, मग वाळू, मग सुपीक माती. पाणी झिरपते, साठत नाही. केनेथ राइट या जलअभियंत्यांनी याचा सविस्तर अभ्यास केला आहे. फोटोत जे येते त्याहून मोठे काम जमिनीखाली आहे.

आता हे सगळे कोणाच्या जिवावर बघायचे, हा प्रश्न. इंका वाटेवर चार दिवस चालत जाता येते. त्या वाटेवर दिवसाला ५०० जणांनाच परवानगी आहे, त्यात वाटाडे आणि हमाल धरून. म्हणजे प्रवासी साधारण दोनशेच. सर्वांत उंच खिंड ४२०० मीटरच्या वर. आपले तंबू, भांडी, गॅस पाठीवर घेऊन जाणारा माणूस केचुआ बोलणारा शेतकरी असतो. २००१ च्या कायद्याने त्याच्या पाठीवर वीस किलोची मर्यादा घातली. सहल ठरवताना दर घासाघीस करून खाली आणला, तर तो कोणाच्या मजुरीतून निघतो, हे एकदा विचारावे. हमालांना जेवण, झोपायला तंबू आणि चांगले बूट मिळतात का, हेही विचारावे. विचारणारे वाढले की उत्तर द्यावे लागते.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. चिंचेरो हे विणकरांचे गाव, साधारण ३७०० मीटरवर. तिथे आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधायचे काम २०१९ साली सुरू झाले. कुस्कोचा विमानतळ शहराने वेढलेला आहे, चिंचेरोतल्या अनेकांना कामधंदा हवा आहे, ही बाजू खरी आहे. पण पुरातत्त्व आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी विरोधही केला, कारण जवळच्या पिउराय सरोवराचे पाणी कुस्को शहर पिते, आणि माचू पिक्चूला आणखी गर्दी झेपेल का, ही शंका आहेच. आज तिथे दिवसाला साडेचार हजार आणि काही दिवशी त्याहून जास्त लोकांना सोडतात. ठरलेली वेळ, ठरलेला मार्ग. आणि आमच्यासारख्यांना ही पण काळजी वाटते, की लिमात न थांबता माणसे सरळ ३७०० मीटरवर उतरली तर त्या काकांसारखे किती जण होतील?

शेवटी थोडे व्यवहाराचे. तिथला कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीशी हे चांगले जुळते. डिसेंबर ते मार्च पावसाचे. फेब्रुवारीत इंका वाट बंदच असते. २०१० च्या जानेवारीत पुराने रेल्वेमार्ग वाहून गेला आणि हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावे लागले, कारण माचू पिक्चूच्या पायथ्याच्या गावाला थेट मोटाररस्ता नाही. माचू पिक्चूची तिकिटे कित्येक आठवडे आधी काढा. पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्या. पेरूहून परतताना तिचा दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर अडकवून ठेवू शकतात. साठीपुढच्यांनी लशीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. शाकाहारी मंडळींनी 'सिन कार्ने, सिन पोयो', म्हणजे मटण नको, कोंबडी नको, हे दोन्ही सांगायचे. आणि केचुआतला एक शब्द पाठ करा : 'सुल्पायकी', आभारी आहे. बाजारातल्या बाईला तो म्हणा आणि तिचा चेहरा बघा.

ते काका आता सत्तरीचे आहेत. परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, 'पुन्हा जायचंय. या वेळी मी मागून चालेन.' आम्ही त्यांना क्रम लिहून पाठवला आहे : आधी दरी, मग माचू पिक्चू, शेवटी कुस्को. तोच तुम्हालाही सांगून आम्ही इथे थांबतो.