हिंदुसभा आणि मुळशीची जमीन

धर्माच्या नांवानें चालणाऱ्या राजकीय पक्षांपैकीं हिंदुमहासभेचा पुण्याशीं संबंध विशेष निकटचा. १९२५ सालीं कानपूरच्या अधिवेशनाचें अध्यक्षपद साहित्यसम्राट तात्यासाहेब केळकरांनीं भूषविलें. १९४६ सालीं तें ल. ब. भोपटकरांकडे आलें. असे विद्वान् पुढारी लाभूनहि १९५२ च्या निवडणुकींत लोकसभेच्या ४८९ जागांपैकीं अवघ्या ४ या पक्षास मिळाल्या. १९४८ च्या गांधीहत्येचा आघात हें त्याचें मोठें कारण खरेंच. परंतु खेड्यांतील कुळानें या पक्षास आपला कां मानला नाहीं, याचा शोध घेऊं गेल्यास आमच्या मतें मुळशीपर्यंत जावें लागतें.

मुळा नदीवर धरण बांधून मुंबईस वीज पुरवावी, ही टाटा कंपनीची योजना. तींत पन्नासांवर गांवांचीं भाताचीं खाचरें पाण्याखालीं जाणार होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळे कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पुढारी पांडुरंग महादेव बापट. पॅरिसला बाँबची विद्या शिकून आलेला हा पारनेरचा संस्कृतज्ञ ब्राह्मण येथेंच सेनापति म्हणून प्रसिद्धीस आला. मुहूर्त रामजन्माचा होता, पण मागणी खाचराची होती. मावळ्यास या दोन गोष्टी निराळ्या वाटल्या नाहींत.

पुण्यास मात्र त्या निराळ्या वाटल्या. मुळशींतील बऱ्याच जमिनी गहाणखतांच्या वाटेनें पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या, व हे सावकार (लिहितांना संकोच होतो) बहुतेक आपल्याच पेठांतील, आपल्याच ज्ञातीचे. कसणाऱ्यास जमीन हवी होती. सावकारास मोबदला चालत होता, कीं ज्याचें नांव कागदावर, पैसाहि त्याचाच. वृत्तपत्रांची सहानुभूति होती, सभा झाल्या, निधि जमले. तथापि मोबदल्याची भाषा सुरू होतांच चळवळीचा कणा मोडला.

१९२४ च्या अखेरीस बापटांनीं धरणाच्या कामाची आगगाडी सशस्त्र अडविली व ७ वर्षांची सजा पत्करली. हिंदूंच्या संघटनेचा विचार करण्यास पुढील वर्षीं कानपुरास मंडळी जमली, तेव्हां ते तुरुंगांत होते आणि मुळशीचीं हिंदु कुळें नव्या गांवठाणाच्या शोधांत होतीं.